पोटातलं लोणार

शेगाव-खामगाव पट्ट्यात कुणाच्या पोटात आग पडली की आरोपी शोधावा लागत नाही. कचोरीला चौकशीविना दोषी धरलं जातं, आणि निकाल देणाऱ्यांच्या हातातही बहुधा कचोरीच असते. ठेचा हा सहआरोपी. डॉक्टरांचं मतही 1980च्या दशकापर्यंत फार वेगळं नव्हतं : तिखट, चिंता, आम्ल, झाला अल्सर. मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल म्हणाले, हा एका जंतूचा उद्योग आहे. कुणी ऐकेना, तेव्हा 1984 साली मार्शल यांनी ते जंतू कालवून स्वतःच पिऊन टाकले आणि पोट बिघडवून दाखवलं. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. आमच्या घरात कुणी असलं काही प्यायलं असतं, तर आईनं ओवा-हिंग पाजून सगळा पुरावा नष्ट केला असता.

हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा हा जंतू मला तरी बुलडाणा जिल्ह्याचाच रहिवासी वाटतो. जठराच्या आम्लात बाकीचे बहुतेक जंतू टिकत नाहीत. हा युरिया फोडून अमोनिया करतो आणि त्या क्षाराच्या आडोशाला मजेत राहतो. म्हणजे पोटात स्वतःपुरतं लोणारचं क्षारयुक्त सरोवर करून बसतो.

माझ्या पोटात तो असलाच तर त्याला पकडायचं कसं, यावर आमच्या ओट्यावर बैठक बसली. शेजारचे तात्या म्हणाले, "रगत देऊन टाक बावा, झंझट नाही." पण रक्तात सापडतात ती प्रतिपिंडं, आणि जंतू मेल्यावरही ती महिनोन्‌महिने रेंगाळतात. तो आहे की होऊन गेला, हे रक्त सांगत नाही. "होऊन गेला एवढं तरी कळते ना?" तात्या म्हणाले. त्यांना इतिहासाची आवड.

दुसरा मार्ग दुर्बिणीचा. घशातून नळी घालून जठराचा कणभर तुकडा काढतात आणि युरियाच्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जंतू असला तर जेल गुलाबी होतं. "2020 साली लोणार गुलाबी झालं होतं, तवा बी हाच होता काय?" तात्यांनी विचारलं. नव्हता, ती करामत खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची होती. पण वजन घटत असेल, शौचाला काळं होत असेल, तर दुर्बिणीला पर्याय नाही. तिला जखमही दिसते, गाठही दिसते.

मला आवडली ती श्वासाची तपासणी. खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायचा, थोडं थांबायचं, पिशवीत फुंकायचं. जंतूनं युरिया फोडला असेल तर तो खुणेचा कार्बन श्वासात उतरतो. तात्या ताठ बसले. "कपाशीले टाकून अर्धं पोतं उरलं हाये. आणू का?"

पण ही सोय मोठ्या शहरात, म्हणून डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली. ती जंतूचे अंश थेट शोधते आणि अचूकपणात श्वासाच्या फार मागे नाही. अडचण फक्त वाहतुकीची. एसटीत मांडीवर नमुन्याच्या डबीची पिशवी धरून बसलो, तर बाजूच्या आजी म्हणाल्या, "शेगावचा माल दिसते. लपवून कावून धरला रे?" मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्याआधीचे दोन आठवडे मात्र खरे कठीण. आम्ल कमी करणारी रोजची गोळी बंद, कारण ती चालू असली की जंतू दबून बसतो आणि तपासणी खोटंच 'नाही' म्हणते. अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे थांबायचं. त्या काळात घरात भरली वांगी होणार नाहीत असं ठरलं होतं. झाली.

जंतू निघाला. औषधं सुरू झाली. संपल्यावर निदान चार आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, तेही रक्त नाही, असं मी ओट्यावर सांगितलं. तात्या विचारात पडले.

"म्हंजे मेला का नाही हे पाह्यलेही डबीच?"

"हो."

"मंग राहू दे ना त्याले," तात्या म्हणाले, "कोनाचं काय खाते थो?"