त्यातच धरलंय की?

अण्णांना कॅरिबियनहून भालकीला परतून चार महिने झाले, पण मनगटावरचा निळा पट्टा अजून निघालेला नाही. आंघोळीला तो असतो, पूजेला असतो, परवा एका तेराव्याच्या पंगतीतही होता. वाढप्यानं बुंदी देताना हात आखडला, तेव्हा अण्णांनी बाही सरकवून त्याला पट्टा दाखवला. म्हातारा नुकताच दवाखान्यातून सुटलाय असं वाटून वाढप्यानं घाबरून दोन मुठी जास्त वाढल्या.

हा माणूस तुमच्याही ओळखीचा आहे, म्हणून त्याचे नाक-डोळे सांगत बसत नाही. आधी "सगळं धरून किती?" विचारायचं आणि आकडा आला की तिसऱ्याच वस्तूकडं बोट दाखवून म्हणायचं, "मग हे त्यातच धरलंय की?" चष्म्यात डबी धरलेली असते, डबीत फडकं धरलेलं असतं, अण्णा फडक्यात आणखी एक फडकं धरतात. कलबुर्गीला लग्नाला गेलो तेव्हा लॉजवर पाटी होती, 'गरम पाणी सकाळी ६ ते ९'. अण्णांनी सहाला एक, साडेसातला एक आणि नवाला पाच कमी असताना एक, अशा तीन आंघोळी केल्या. मांडवात नवरदेवापेक्षा तेच जास्त उजळ दिसत होते.

बिदरला एकदा बिदरीची फुलदाणी घ्यायची होती. कारागीर बिचारा जीव ओतून सांगत होता. जस्त-तांब्याचं ओतकाम करायचं, त्यावर नक्षी कोरायची, कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची. शेवटी किल्ल्यातली माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून लावली की धातू काळाकुळकुळीत होतो आणि चांदी तेवढी लखलखत राहते. अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "माती किल्ल्यातली म्हणता. किल्ला सरकारचा. मग मातीचे पैसे कशाला धरता?" नरसिंह झऱ्याच्या भुयारात छातीभर पाण्यातून देवाकडं चाललो होतो, वर वटवाघळं लटकलेली. बाकीचे नरसिंहाचा धावा करत होते. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हेबी त्यातच धरलंय की?"

अशा माणसाला न्यू जर्सीच्या लेकीनं पुंता कानाला नेलं. हा डॉमिनिकन रिपब्लिकचा पूर्व किनारा. तिथल्या रिसॉर्टांची रीत अशी की राहणं, खाणं, पिणं, सगळं एकदाच मोजायचं आणि मनगटात पट्टा बांधून घ्यायचा. मग खिशात हात घालायचा नाही. अण्णा जन्मभर जो प्रश्न विचारत आले, त्याचं उत्तर समुद्राकाठी कुणीतरी बांधून ठेवलं होतं. पट्टा बांधताना त्यांचे डोळे पाणावले, असं लेक सांगते.

पण सगळंच धरलेलं असलं की वसुलीचा भार आपल्यावर येतो. अण्णा माळकरी, आणि पैशात दारू धरलेली. पहिल्याच संध्याकाळी ते काउंटरवर गेले. "मी पीत नाही, तेवढे वजा करा." वजा होत नाहीत म्हटल्यावर ते प्रत्येक जेवणाला रमचा पेला मागवू लागले. नैवेद्यासारखा समोर ठेवायचे आणि हात न लावता उठायचे. मागून जावई प्रसाद घ्यायचा. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या देशात किनारा कायद्यानं सगळ्यांचा. पट्टा नसलेल्यालाही समुद्र मोकळा. अण्णा हबकले. "म्हणजे समुद्र त्यात धरलेलाच नाही? मग पैसे घेतले कशाचे?"

सांतो दोमिंगोची सहल वेगळी मोजावी लागली, म्हणून बसमध्ये ते रुसून बसले होते. गाइडनं कोलंबसाच्या मुलाचा वाडा दाखवला. १४९२ साली कोलंबस हिंदुस्थान शोधत या बेटाला लागला, असं सांगितलं. तेव्हा आपल्या बिदरात महमूद गवानचा मदरसा वीस वर्षांचा झाला होता. "निघाला होता आपल्याकडंच," अण्णा म्हणाले. "चुकला तेच बरं. नाहीतर आज भालकीत पट्टा बांधून हिंडावं लागलं असतं." आज ते भालकीत पट्टा बांधूनच हिंडतात, पण कोण बोलणार?

एक गोष्ट मात्र अण्णांनी सांगितली नाही. ती लेकीनं फोनवर सांगितली. तिसऱ्या रात्री भातात हिरवट दाणे दिसले. अण्णांनी एक दाताखाली फोडला. तूर! कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कात्रण ज्यांच्या कपाटात आहे, त्यांना कोण फसवणार? तिकडं तिला 'ग्वांदुल' म्हणतात. मूळची ती आपलीच. इथून आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या जहाजांच्या वाटेनं त्या बेटांवर पोचली. वाढणारा पोरगा म्हणाला, आमच्या घरी हाच भात असतो. अण्णा लेकीला म्हणाले, "त्याला विचार, तुझं जेवण त्यातच धरलंय की?" लेक ओशाळली, पण तिनं विचारलं. पोरानं हसत आपलं मनगट पुढं केलं. मोकळं होतं.

त्या रात्री अण्णांनी दुसरं ताट घेतलं नाही. रमचा पेलाही मागवला नाही. जावयाची तेवढी गैरसोय झाली.

गेल्या रविवारी त्यांना बिदरला नानक झिऱ्याच्या गुरुद्वारात घेऊन गेलो. लंगरच्या पंगतीत पोळ्या वाढणारा सेवादार समोर आला, तसं अण्णांनी सवयीनं बाही सरकवून मनगट पुढं केलं. पट्ट्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. "दोनों हाथ, बाबाजी," म्हणाला, आणि ओंजळीत गरम पोळी ठेवली. अण्णा तिच्याकडं बघत राहिले. सगळं धरून किती, हे विचारायला तिथं काउंटरच नव्हता. मग त्यांनी विचारलं, "आपका खाना किदर?"

"इदरीच. आपके बाद, इसी पंगत में."

अण्णा मुकाट जेवले. मी बाहेर मोटारसायकलीपाशी येऊन थांबलो. अर्धा तास झाला तरी त्यांचा पत्ता नाही, म्हणून आत शोधायला गेलो. भांड्यांच्या हौदापाशी धोतराचा काचा मारून अण्णा उभे होते, निळ्या पट्ट्यापर्यंत हात साबणाच्या फेसात.

"अण्णा, अहो उशीर होतोय."

"थांब की जरा," मान वर न करता ते म्हणाले, "भांडीबी त्यातच धरल्यात."