दहाच्या घरात अठरा

– सर, नळ आलाय तोवर पाइप जरा इकडंही वळवा. आणि ऐका ना, माझा कॅलिफोर्नियातला भाचा काल सांगत होता, तिकडं कॉलेजांच्या खेळांचे गट असतात म्हणे. एकाचं नाव बिग टेन, अन् आत संघ किती? अठरा!

– हौ, २०२४ मध्ये झाले की तेवढे. पश्चिम किनाऱ्यावरची चार विद्यापीठं एकदमच उचलली त्यांनी. स्टॅनफर्डचं तर विचारूच नका. राहतं पॅसिफिकच्या काठाला आणि जाऊन बसलं अटलांटिक किनाऱ्याच्या गटात. त्यांच्या जुन्या गटात बारातले दोनच उरले.

– अगंबाई! म्हणजे सामन्यासाठी अख्खा देश ओलांडायचा पोरांनी?

– टीव्हीवाले मोजतात ना पैसे! पोरांना विचारतो कोण?

– आपल्याकडं बरंय बाई, असलं काही नाही.

– नाही कसं? फक्त उलटं आहे. ते जोडत सुटलेत, आपण तोडत. आपलं संभाजीनगरचं मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. नांदेड, लातूर, परभणीची पोरं इथं एकाच संघात शिरायला धडपडायची. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघालं आणि भावाभावांसारखी वाटणी झाली. हरिश्चंद्र बिराजदारांच्या, काका पवारांच्या लातूरची कुस्ती गेली तिकडं.

– आणि आपल्या वाट्याला काय आलं?

– धाराशिवचा खो-खो! सारिका काळे कुठली? २०१६ ला दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तेव्हा कर्णधार होती. २०२० ला अर्जुन पुरस्कार.

– मग काही फसलो नाही आपण.

– फसलो कशाला! आंतरविद्यापीठ स्पर्धांना आपला एक संघ जायचा, त्याचे दोन झाले. देगलूरच्या पोरीला विद्यापीठाचा ब्लेझर घालायला मिळतो, ते मला तर लई आवडतं. संघ पातळ झाले, हे मात्र खरं. पश्चिम विभागात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशवाले समोर आले की कळतं.

– मग आमच्या पिंकीचं सांगा. बारावी झाली, खो-खो सोडायला तयार नाही. एमजीएम २०१९ पासून वेगळं विद्यापीठ झालंय ना? तिथं घातली तर?

– तर त्यांच्याच पोरींतून निवड. संघात आली की थेट पश्चिम विभाग. देवगिरी कॉलेज आपल्या विद्यापीठाचं. तिथं घातली तर आधी कॉलेजचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग आपला जिल्हा, जालना, बीड आणि धाराशिव अशा चार जिल्ह्यांतल्या पोरींतून निवड.

– म्हणजे धाराशिवच्या पोरींना मागं टाकायचं?

– हौ.

– झालंच मग! यांना सांगते, एमजीएमची फी बघून या म्हणून.

– थांबा हो. मी म्हणतो, देवगिरीतच घाला. पहिल्या वर्षी राहू द्या राखीव. त्या धाराशिवच्या पोरींसोबत शिबिरात पळाली ना, तर तिसऱ्या वर्षी कुणाला आवरायची नाही. तिकडं पहिल्या वर्षीच संघात येईल, अन् पहिल्याच फेरीत घरी येईल.

– वयाचं काय पण?

– १७ ते २५ खेळता येतं. घाई कुणाला आहे?

– बोलायला सोपं आहे, सर. तुमची पोरगी असती तर वर्षभर बसवून ठेवली असती?

– माझी पोरगी कॅरम खेळायची, ताई. चांगली पाच वर्षं बसली.