कातडीबचाव

दीड वर्षात ४४ किलो उतरवले. ११८ वरून ७४. वाटलं, डोळखांबच्या बाजारात लोक पाठ थोपटतील. पहिला प्रश्न आला, "गुरुजी, शुगर झाली काय?" दुसरा जरा हळू आवाजात, "मुंबईला दाखवलंत का?" आमच्याकडे ढेरी हा खात्यापित्या घरचा दाखला. बारीक माणूस एक तर गरीब, नाही तर आजारी. खरा निकाल दिला तो शेजारच्या काकींनी. मला उघड्या अंगाने अंगणात आंघोळीला बसलेलं पाहून म्हणाल्या, "गुरुजी, भात विकलात नि गोणी ठेवलीत!"

गोणीच ती. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले तंतू एकदा सैल पडले की चरबी गेली तरी मागे येत नाहीत. मे महिन्यात भातसा धरणाचं पाणी उतरल्यावर काठावर रेघांवर रेघा उघड्या पडतात, तसं माझं पोट दिसतं. रात्री कुशीवर वळलो की आधी मी वळतो, पोट मागाहून येतं. खोबरेल झालं, बेसन झालं, जोर-बैठका झाल्या. स्नायू कमावता येतो, कातडं नाही.

म्हणून आसनगावची लोकल पकडून ठाण्याला प्लास्टिक सर्जन गाठला. २०११ मध्ये नितीन गडकरींनी वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून ‘बॅरिएट्रिक’ हा शब्द आमच्या टपरीवरही ओळखीचा आहे. पण वजनाच्या बातमीत आकडे दोनच असतात, आधीचा आणि नंतरचा. मधल्या कातड्याचं काय झालं, हे कोणी छापत नाही.

डॉक्टरांनी समजावलं. ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत चीर. जादा कातडं कापायचं, वरचं खाली ओढायचं. बेंबी जागच्या जागी, तिच्यासाठी भोक मात्र नवं पाडायचं. मग काही दिवस नळ्या, काही आठवडे घट्ट पट्टा, व्रण जन्मभर. आणि सुमारे सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. हे ऐकून हसू आलं. तानसा, मोडकसागर, भातसा आमच्या तालुक्यात. पाणी जातं मुंबईला. उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. इथे हंडा न उचलता सहा आठवडे काढायचे, तर आधी मुंबईकर व्हावं लागेल. खर्चाचा आकडा जुन्या बोलेरोच्या किमतीचा निघाला.

विमा कंपनीला विचारलं. विम्याच्या ठरलेल्या अपवादांत ‘कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी’ ठळकपणे आहे. अपघात, भाजणं, कर्करोग असेल, किंवा डॉक्टर उपचाराची गरज लिहून देईल, तरच सूट. नाही तर शौक.

गंमत अशी की, हा शौक आपल्या पुण्याने जगाला दाखवला. इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवान कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, नाक आणि एक हात गमावून बसला. पुण्यात विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाचं कातडं वळवून त्याला नवं नाक लावलं. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते चित्रासह छापून आलं. पुढे तिथल्या कार्प्यू नावाच्या सर्जनने ती रीत उचलली. ‘प्लास्टिक’ या शब्दाचं मूळ ग्रीक, अर्थ घडवणं, आकार देणं. म्हणजे कुंभारकामच. पण कावसजीचं नाक खरोखर कापलं गेलं होतं. माझं जाग्यावर आहे. मला ते फक्त बाजारात वर करून चालायचं होतं.

तेवढ्यात शाळेशेजारच्या अंगणवाडीत दंडघेर मोजायचा दिवस आला. सेविकाताई पोरांच्या दंडाला फीत गुंडाळत होत्या. हिरवा, पिवळा, लाल. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड, की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. एका पोराला उचललं, तर मांडीचं कातडं मागे घड्या पडून लोंबत होतं, मोठ्या भावाची चड्डी घातल्यासारखं. पुस्तकात त्याला सुकटी म्हणतात. कातडं माझ्यासारखंच सैल. फरक एवढाच, माझी गोणी भरून रिकामी झाली, त्याची भरलीच नाही. मला काकी हसल्या. त्याला कोणीच हसलं नाही. कारण ते रोजचंच.

आता माझा निकाल. घडीखाली जखमा होतात, चालताना ओझं वाटतं, अशा माणसाने ही शस्त्रक्रिया जरूर करावी, आणि त्याला शौकीन म्हणणाऱ्याची कातडी गेंड्याची समजावी. मला पावसाळ्यात थोडी खाज येते, तिला पावडरीचा डबा पुरतो. बाकी सगळी खाज लोकांच्या डोळ्यांतली. ती कापायला माझ्या पोटावर चीर कशाला? म्हणून तूर्त माझं धोरण कातडीबचाऊ.

काकींनाही उत्तर सापडलंय. काकी, रिकामी गोणी आपल्याकडे कोणी टाकत नाही. लावणीला जाताना डोक्यावर तिचीच खोळ घेतात.