आठ महिन्यांत शहाणे

सोळावं लागलं की ऑन्टॅरिओतलं पोर डोळे तपासून घेतं, लेखी परीक्षा देतं आणि 'जी-वन' परवाना खिशात टाकतं. मग विम्याचा हप्ता कळतो आणि ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडचे मराठी आईबाप मटकन खाली बसतात. त्यावर उतारा म्हणजे सरकारमान्य ड्रायव्हिंग कोर्स: 20 तास वर्गात, 10 तास गाडीत, 10 तास गृहपाठ वगैरे. सर्टिफिकेट दाखवलं की बऱ्याच विमा कंपन्या हप्ता कमी करतात. वर सरकारही उदार होतं आणि रस्त्यावरच्या पहिल्या परीक्षेआधी 12 महिने थांबायचं, ते 8 वर आणतं. एका फीत दोन सवलती म्हटल्यावर आपला माणूस पुढचं ऐकतच नाही. कंपनीने पैसे सोडले तर सोडोत बापडी. सरकारने महिने का सोडावेत, हे मात्र मला कळत नाही.

कोर्सने पोरं सुरक्षित होतात ही समजूत तशी गोड आहे. अमेरिकेत जॉर्जियातल्या डिकॅल्ब काउंटीत 1970 च्या दशकाअखेरीस सुमारे 16,000 विद्यार्थ्यांवर याचा मोठा प्रयोग झाला. शिकवणीचा जो काही फायदा दिसला, तो पहिल्या काही महिन्यांतच विरून गेला. हात बसतो, पण त्याच्याबरोबर 'आपल्याला येतं' हेही डोक्यात बसतं. ओला स्वेन्सन यांनी 1981 साली विद्यार्थ्यांना आपापल्या कौशल्याबद्दल विचारलं, तेव्हा 93 टक्के अमेरिकन स्वतःला निम्म्याहून वरच्या गटात धरून बसले होते. त्या 93 मध्ये मला खुशाल धरा. मला नवल वाटतं ते उरलेल्या सातांचं.

खरं काम करतात ते पोरांना जाच वाटणारे नियम. जी-वनवाल्याने मध्यरात्री ते पहाटे 5 गाडी काढायची नाही, चारशे क्रमांकाच्या हायवेंवर शिक्षकाशिवाय जायचं नाही, दारूचा थेंब चालत नाही आणि शेजारी किमान 4 वर्षं अनुभवाचा चालक हवा. हा शेजारचा चालक बहुधा बाप असतो. त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबून दाबून पायपोस भोकं पडेपर्यंत झिजवतो. खरी पंचाईत हॉर्नची. आपल्याकडे हॉर्न हा संवाद आहे. 'आलो', 'थांब', 'काय रे, दिसत नाही का?', 'सिग्नल हिरवा व्हायला दोन सेकंद आहेत, तयार राहा', इतकं सगळं पुणेकर एका अंगठ्याने बोलतो. ट्रकांच्या पाठीवरून हॉर्नचं आमंत्रण काढून टाका, असं महाराष्ट्र सरकारने 2015 साली फर्मावलं, पण आमंत्रणाची वाट इथे कोण पाहतो? तिकडे मात्र हॉर्न म्हणजे शिवी. त्यामुळे बापाचा अर्धा अनुभव मुका होतो आणि उरलेला अर्धा पोराला नको असतो. तरीही त्याने शेजारी बसावंच. घसरड्या बर्फावर गाडी कशी वागते, हे वर्गातल्या फळ्यावर कळत नाही, त्यासाठी एक अख्खा हिवाळा लागतो. फेब्रुवारीत कोर्स धरून ऑक्टोबरात परीक्षेला उभ्या राहणाऱ्या पोराच्या वाट्याला तो येईलच असं नाही. आणि पहिल्यांदा ते एकटं गाडी घेऊन गेलं की घरात कुणाला झोप लागत नाही, हप्ता कितीही उतरलेला असो.

विमा कंपन्या काय खुळ्या आहेत, असं कुणी म्हणेल. नाहीत. कोर्सची फी भरणारं घर मुळातच जरा जपून राहणारं असतं, हे त्यांना कळतं. सूट त्या घराला आहे. दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. जिथे बस तासाने येते, तिथे नोकरी करून शिकणाऱ्या पोराचे 4 महिने म्हणजे 4 पगार. हे खरं आहे, पण त्यावर उपाय बस वाढवणं हा आहे, हिवाळा कापणं नव्हे.

गंमत अशी की भारताचा परवाना तिथे सरळ बदलून मिळत नाही. वीस वर्षं लक्ष्मी रोड गाजवलेल्या गृहस्थालाही लेखी परीक्षेपासूनच सुरुवात करावी लागते. कोर्स त्यालाही खुला असतो, पण शिंगं मोडून वासरांत बसायची त्याची तयारी नसते. तो मुकाट पूर्ण हप्ता भरतो. मीही भरला असता.