खारदांडेकराने हॉलंडात दोस्त कसे जमवावेत

पहिली तयारी नाकाची. वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांचा वास खारदांड्याच्या कोळीवाड्यात इतका अंगवळणी पडतो, की नोकरीसाठी द हेगला निघालेल्या उमेदवाराला आपल्या बॅगेतल्या पुडीला वास येतो हेच पटत नाही. विमानात शेजारी बसलेल्याला ते लगेच पटते.

मुक्काम शक्यतो समुद्राकडे हलवावा. मुंबईने जसा खारदांडा पोटात घेतला, तसे द हेगने स्खेव्हेनिंगन हे कोळ्यांचे गाव घेतले आहे. नाव नीट उच्चारायला शिकावे. दुसऱ्या महायुद्धात हाच शब्द बोलायला लावून जर्मन हेर ओळखत, अशी तिथे आख्यायिका आहे. घसा खरवडून 'ख' काढता आला, की अर्धी ओळख झालीच.

यापुढे मात्र कसोटी लागते. दांड्यात शेजारी उंबऱ्यातून हाक मारतो आणि हाकेबरोबरच आत येतो. इथे चहाकॉफीसाठीसुद्धा वहीत तारीख पडते, तीही तीन आठवड्यांनंतरची. हा अपमान समजू नये. ठरल्या वेळी जावे आणि संध्याकाळचे सहा वाजत आले की उठावे. ती यजमानांची जेवायची वेळ असते. 'जेवूनच जा' हे वाक्य कानावर येईल म्हणून चपला घालताना रेंगाळू नये.

वाढदिवसाला सगळे खुर्च्यांचा गोल करून बसतात. ज्याचा वाढदिवस त्याचे अभिनंदन करून भागत नाही. त्याच्या आईचे, बायकोचे, मेव्हण्याचेही करावे लागते. हळदीला सगळी आळी जमवणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये. केक मात्र एकच तुकडा.

'टिक्की' हा शब्द ऐकून रगडा आठवेल. ते 2016 साली एका डच बँकेने आणलेले ॲप आहे. काल मित्राने आग्रहाने पाजलेल्या बिअरचे तुमच्या वाट्याचे पैसे आज त्यावर मागितले जातात. मैत्री तुटलेली नसते, हिशेब पुरा झालेला असतो.

खरी परीक्षा जूनमध्ये. हंगामातली पहिली हेरिंग मासळी येते. हलके मीठ लावलेली, न शिजवलेली, वर चिरलेला कांदा. शेपटीला धरून, मान मागे टाकून खावी. हळद-तिखट मागू नये. कच्चे कसे खायचे म्हणून बिचकणाऱ्याने लक्षात ठेवावे, की किडीच्या धास्तीने ती आधी गोठवलेली असते.

त्याच सुमारास स्खेव्हेनिंगनच्या बंदरात बोटींवर पताका चढतात, पहिल्या पिंपाचा लिलाव होतो आणि पैसे धर्मादायाला जातात. तेव्हा गावाकडे होड्या शाकारलेल्या असतात, 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते. इथे उमेदवाराने तोंड उघडावे. आमच्याकडे असा लिलाव नसतो, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, असे सांगावे.

डच मित्र मन लावून ऐकेल आणि नारळ कितीला पडला, ते विचारेल. किंमत सांगावी. टिक्की पाठवू नये.