बटण कधी लावता?

"ताई, तुमच्याकडे आज पाणी गरम होतं का हो?"

जास्वंदीच्या फांद्यांतून आधी आवाज आला आणि मग शेजारच्या वहिनींचा टॉवेल गुंडाळलेला चेहरा. डिसेंबर संपत आलेला, पुण्यातली सकाळ, आणि या बाई गार पाण्याने न्हाऊन आलेल्या. मला हसू आवरेना.

"हसताय काय! २०० लिटरचा सोलर आहे वर, कॉइलसकट. आणि हे बघा." त्यांनी विजेचं बिल भिंतीवर ठेवलं आणि उडू नये म्हणून वर जास्वंदीची कुंडी सरकवली. "मागच्या महिन्यात १८० युनिट, या महिन्यात ३४०. तीनशे ओलांडले की पुढचा दर कसा लागतो ते तुम्हाला सांगायला नको. मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते म्हणून हौसेने बसवला, तर ती सगळी बिलात गेली. वर माई रोज म्हणतात, आमचा बंब बरा होता."

माई म्हणजे वहिनींच्या सासूबाई. वय चौऱ्याऐंशी. तो तांब्याचा बंब अजून त्यांच्या माळ्यावर आहे. दर दिवाळीला खाली उतरतो, चिंच लावून लखलखीत होतो आणि पुन्हा वर जातो. त्याच्या धुराने माईंचे डोळे कसे चुरचुरायचे, ते मात्र माई सोयीस्कर विसरल्यात.

"कॉइलचं बटण कधी लावता?" मी विचारलं.

"कधी म्हणजे? चालूच असतं. त्याला थर्मोस्टॅट आहे ना! पाणी तापलं की आपोआप बंद होतं, असं बसवणारा सांगून गेलाय."

"बंद होतं हे सांगितलंन. परत चालू कधी होतं, ते सांगितलं का?"

वहिनी गप्प. मग मी कुंपणावर कोपर टेकून बसले, म्हणजे उभीच, पण तुम्ही समजलात. अहो, सात ते आठ तुमच्याकडे चार आंघोळी. जेवढं गरम पाणी खाली आलं, तेवढं गार पाणी टाकीत शिरलं. कॉइल लगेच कामाला लागली. गच्चीवर ऊन नीट यायला नऊ वाजतात. अकरापर्यंत विजेने टाकी तापवून ठेवली. मग दिवसभर त्या सूर्याने करायचं काय? फुकटचा आचारी दारात यायच्या आत तुम्ही पैसे मोजून डबा मागवताय!

मला शहाणपण शिकवायचा हक्क आहे, कारण पहिलं वर्षभर मीही रात्री झोपताना बटण लावून निश्चिंत घोरायची. शेवटी ह्यांनी हिशेब करून कागद फ्रिजवर चिकटवला. रिटायर झालेल्या इंजिनिअरला घरात दुसरं काय काम? त्यात लिहिलंय: २०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला ५.८ युनिट, म्हणजे दोन किलोवॉटची कॉइल जवळजवळ तीन तास. खाली, लाल पेनने: १५ लिटरच्या एका बादलीला अर्धं युनिटसुद्धा नाही. म्हणून श्रावणात आम्ही दोघंच घरात असलो आणि आभाळ भरलेलं असलं, तर कॉइलला हात लावत नाही. बाथरूममधला छोटा गिझर लावतो. दोन बादल्यांसाठी अख्खी टाकी कोण तापवणार?

"मग लावायचं तरी कधी?"

"संध्याकाळी पाचला नळ सोडून हात धरायचा. आधी पाइपात साचलेलं गार येतं, ते बादलीत घ्या, कुंड्यांना होईल. मग हात ठेववत नसेल तर सकाळची काळजी नाही. टाकीला पफचं जाड अस्तर असतं, रात्रीत फारसं उतरत नाही. कोमट लागलं, तर पहाटे पाचला बटण. आणि आंघोळीला शिरायच्या आधी बंद. नंतर नाही, आधी. पाण्यात हात घालताना करंट नको, आणि आत शिरलेलं गार पाणी तापवायला सूर्य येतोच आहे."

वहिनींनी मान डोलावली. मग डोळे बारीक केले. "बिलाचं पटलं. पण ताई, कॉइल रात्रंदिवस चालू होती ना? मग आज पाणी गार कसं?"

आता मी गप्प. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोघी त्यांच्या गच्चीवर गेलो. वीस काचनळ्या, वर कबुतरांची कृपा आणि दिवाळीपासूनची धूळ. नळ्यांची खालची टोकं आतून चांदीसारखी चकाकत होती, एकच दुधी पडली होती. तिच्यातली पोकळी गेली, म्हणजे ती आता नुसती काच. पण एका नळीने कुणाचं पाणी गार होत नाही. टाकीतून निघणाऱ्या पाइपाला मी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चांगलाच चटका बसला! म्हणजे वर सगळं आलबेल, घोळ खाली.

मग मला आमच्या प्लंबरची युक्ती आठवली. सोलरला जाणाऱ्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि वहिनींना खाली पाठवलं, गरमचा नळ सोडा म्हणून. थोडं वाहून पाणी थांबायला हवं होतं. वहिनी खालून ओरडल्या, "येतंय की! धो धो येतंय! आणि गारेगार!"

सोलर बंद असताना गरमच्या नळाला गार पाणी आलं कुठून? वरच्या बाथरूममधून. चिरंजीवांनी दोन महिन्यांपूर्वी नवा हँड शॉवर लावून घेतला होता. तो मुठीतल्या बटणावर बंद होतो, त्यामुळे मिक्सरच्या गरम आणि गार अशा दोन्ही चकत्या साहेब उघड्याच ठेवून कॉलेजला जातात. मिक्सरच्या पोटात दोन्ही पाइप एकमेकांना भेटलेले. खाली गरमचा नळ सोडला की गच्चीवरून फिरून येणाऱ्या गरम पाण्याच्या आधी हे जवळचं गार पाणी धावत येतं. मी दोन्ही चकत्या घट्ट केल्या. खालचा नळ ठिबकला आणि थांबला.

"कार्टं!" वहिनी म्हणाल्या. "आणि मी त्या सोलरवाल्याला दहा फोन करून बोलले."

"प्लंबरला सांगून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. मुलाला सांगून उपयोग नाही."

"ते मला माहितीये."

व्हॉल्व्ह पुन्हा सोडून आम्ही गच्चीवर जरा टेकलो, कारण वर आलोच होतो. दक्षिणेकडच्या बंगल्यावर हिरवी जाळी लागलेली दिसत होती.

"गेला वाटतं तो पण रिडेव्हलपमेंटला?"

"गेला. पार्किंग धरून बारा मजले. बोर्ड लागलाय कालच."

मी सूर्याकडे पाहिलं. डिसेंबरात तो भर दुपारीही माथ्यावर येत नाही, त्या बंगल्याच्या बाजूलाच कललेला असतो. बारा मजल्यांची सावली कुठवर येईल, ते मी डोळ्यांनी मोजत होते. वहिनीही तेच मोजत असाव्यात.

तेवढ्यात जिन्यातून माईंचा आवाज आला, "अगं, सापडलं का काही? का माळ्यावरून बंब काढायला सांगू?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "आत्ता नको, माई," त्या म्हणाल्या, "दोन वर्षांनी."