आधी दोन गुंठे

कळंबच्या शिवारालगत वालचंदनगर वसलं, त्याला आता नव्वदएक वर्षं होत आली. 1885 सालापासून नीरा डावा कालवा वाहत होता. शेठ वालचंद हिराचंदांनी 1930च्या दशकात त्याच पाण्यावर हजारो एकरांत ऊस उभा केला आणि कारखाना घातला. पुढे या गावानं अणुभट्ट्यांची यंत्रं घडवली. चंद्रयान-3 ज्या रॉकेटनं वर नेलं, त्याच्या बूस्टरचे भागही इथलेच. याचा कुणालाही अभिमान वाटेल, मलाही वाटतो.

पण कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या मळ्याचं काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही.

1961 साली कमाल जमीन धारणेचा कायदा आला. खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि 1963 साली त्या कसायला शेती महामंडळ निघालं. वालचंदनगर, रत्नपुरी हे आपल्याकडचे मळे. ज्यांनी जमिनी खंडानं दिल्या होत्या, ते खंडकरी शेतकरी कॉ. माधवराव गायकवाडांसारख्यांच्या मागं उभे राहून लढले. दोन पिढ्या गेल्या, पण त्यांच्या वारसांना जमिनी परत मिळाल्या. ते हक्काचंच होतं.

राहिला तो मळ्यातला मजूर. आजा पाणी धरायचा, आजी खुरपायची, बापानं बांधणी, तोडणी, राखण सगळं केलं. महामंडळाची शेती आटत गेली, तशी कामं गेली. घर मात्र मळ्यावरच्या मजुरांच्या चाळीतच राहिलं. आजही अशा चाळीत गेलात तर एका खोलीत दोन चुली दिसतात, कारण पोरगा लग्नाचा झाला आणि दुसरी खोली बांधायची तर जागा आपली नाही. रेशनकार्डावर पत्ता मळ्याचा, मतदार यादीत नाव मळ्याचं. सातबारा काढला की मालक महामंडळ. जागा नावावर नाही म्हणून घरकुल अडतं आणि घरकुल नाही म्हणून माणूस पडक्या भिंतीला माती लावत बसतो.

या लोकांची मागणी काय आहे? घरासाठी दोन गुंठे. एकर नाही, पाणी नाही, नुसते दोन गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे एका एकरात वीस घरं. हजार कुटुंबांना पन्नास एकर पुरतात. रस्ते-गटारांना आणखी थोडी जागा धरा. हजारो एकरांच्या धन्याला एवढी जमीन जड व्हावी?

आता जंक्शन-लासुर्ण्याकडच्या महामंडळाच्या जमिनीवर औद्योगिक वसाहतीची चर्चा आहे. वसाहत यावी. विश्वासराव रणसिंग महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पोरांनी पुण्याची गाडी धरण्यापेक्षा इथंच काम मिळवावं. पण जमिनीचा नकाशा पुढ्यात आला की त्यात रस्ते दिसतात, प्लॉट दिसतात, विजेचं उपकेंद्र दिसतं. चाळ दिसत नाही.

माणसं न मोजता जमीन मोजली की काय होतं, हे स्कॉटलंडमध्ये बघा. ग्लासगोजवळ बिशपटन नावाचं गाव आहे. तिथं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला दारूगोळ्याचा मोठा सरकारी कारखाना होता. तो बंद पडल्यावर त्या जागेवर डार्गाव्हेल नावाची नवी वस्ती उभी राहिली. घरं झाली, माणसं आली. शाळा मात्र सुमारे 430 मुलांचा हिशेब धरून बांधलेली. मुलं त्याहून खूपच जास्त होणार, हे शाळा उभी राहिल्यावर उमगलं. कौन्सिलला चूक कबूल करावी लागली.

उलट उदाहरणही त्याच देशात आहे, न्यू लॅनार्क. 1786 साली सुरू झालेलं सूतगिरणीचं गाव. 1968 साली गिरण्या बंद पडल्या, गाव ओस पडायला लागलं. लोकांनी आणि विश्वस्त संस्थेनं आधी कामगारांची जुनी घरं राहण्याजोगी केली. 2001 साली गाव जागतिक वारसा यादीत गेलं. तिथं आजही माणसं राहतात.

आपल्याला बिशपटन करायचं की न्यू लॅनार्क, हे आत्ता ठरवता येतं. एकदा प्लॉट वाटले गेले की ठरवायला काही उरत नाही.

म्हणून कळंब, जंक्शन, लासुर्णे, अंथुर्णे इथल्या लोकांना माझं सांगणं आहे. येत्या ग्रामसभेत नकाशा मागा. त्यावर कोणती चाळ कुठं आहे ते दाखवायला लावा. प्रत्येक चाळीतली कुटुंबं मोजा, त्यांची शाळेत जाणारी पोरं मोजा आणि तो आकडा इतिवृत्तात लिहून घ्या. घोषणेवर टाळ्या वाजवू नका, शासन निर्णयाची प्रत मिळाली म्हणूनही घरी जाऊ नका. मोजणी झाली, खुंट रोवले आणि सातबाऱ्यावर नाव चढलं, तरच जागा मिळाली असं समजा.

उद्योगाला हेक्टर जरूर द्या. पण ज्यांच्या घामावर हा मळा हिरवा झाला, त्यांचे दोन गुंठे आधी मोजा.